भिंतीतली अकरा भोकं

मागचं दार सकाळपासून लागत नव्हतं. वहिनींनी खांदा लावून पाहिला, दादाने लाथ घालून पाहिली, आणि शेवटी दादा रंधा घेऊन दाराशी बसला. पाऊस नऊ दिवस सलग लागून होता. घरातलं मीठ, उशा, काड्यापेट्या सगळं ओलसर झालेलं, तिथे दाराची काय कथा. लाकूड फुगलंय, असं म्हणून दादा तासायला लागला.

धाकटा भाऊ, गवंडी, शेजारच्या आपल्या घरातून चहाचा कप हातात घेऊनच आला होता. त्याने दाराकडे पाहिलं नाही, चौकटीकडे पाहिलं. चौकटीचा वरचा कोपरा भिंतीपासून बोटभर सुटला होता. दार फुगलं नव्हतं, चौकट हलली होती. हे त्याला एका नजरेत कळलं. थोरला भाऊ दार तासत राहिला आणि याने उभ्या उभ्या चहा संपवला.

दोन्ही घरांच्या मागे टेकाड होतं. टेकाडाचा उतार कापून पूर्वी कधीतरी परसाला जागा केलेली, आणि कापलेली माती अंगावर येऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी गवंड्याने तिथे दगडी भिंत घातली होती. डोक्यावर दोन हात उंच, तीस पावलं लांब. भिंतीच्या पायाशी दादाचा गोठा आणि दोन्ही घरांचं सरपण. वस्तीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला भिंत दाखवायला आणायचे. मग गवंडीही हात मागे बांधून उगाचच तिथे घुटमळायचा.

भिंत बांधताना त्याने तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवली होती, पाइपाचे तुकडे घालून, दोन ओळींत अकरा. उस्तादाने त्याला हे कानफटात मारून शिकवलं होतं. उस्ताद म्हणायचा, "माती अडव, पाणी अडवू नकोस. अडवलंस तर ते तुझ्या भिंतीला घेऊन जाईल." पहिल्याच पावसाळ्यात भोकांतून तांबडं पाणी आलं, परसातल्या फरशीवर शेवाळ धरलं आणि वहिनी धुण्याची बादली घेऊन घसरल्या. मनगट मोडलं. दीड महिना त्या डाव्या हाताने केर काढत होत्या. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी भोकं बुजवता येतील का हो?"

खरं तर भिंतीच्या पायाशी चर काढून पाणी बाजूच्या ओढ्यात सोडायला हवं होतं. दोन दिवसांचं काम. पण तेव्हा हातात दुसऱ्याची इमारत होती, आणि घरच्या कामाला गवंड्याला कधी सवड असते? पावसाळा संपला होता, भोकं कोरडी ठणठणीत होती. त्याने एका सकाळी घमेलंभर सिमेंटचा माल कालवला, भोकांत गोणपाटाचे बोळे कोंबले, वरून माल भरला आणि थापीने घोटून सारखं केलं. अर्ध्या तासात काम फत्ते. चर काढला की पुन्हा मोकळी करू, असं तो स्वतःशी म्हणाला. पुढचा पावसाळा कोरडाच गेला. चर राहिला तो राहिलाच.

दादा शेतावर गेल्यावर गवंडी शिडी लावून भिंतीवर चढला आणि वरून ओळंबा सोडला. सुताचं भिंतीपासून वरपासून खालपर्यंत सारखं अंतर पडायला हवं होतं. मधल्या थरापाशी ते चार बोटांनी कमी भरलं. भिंतीला पोट आलं होतं. त्याने सूत गुंडाळून खिशात घातलं आणि इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. वास्तविक त्याने तेव्हाच छिन्नी आणायला हवी होती. पण छिन्नी आणली असती तर कुणीतरी विचारलं असतं, काय करतोस रे.

दुपारी दादा गवताचा भारा टाकून धापा टाकत आला. टेकाडावर भेग पडली होती. भिंतीच्या वर पन्नास-साठ पावलांवर, आडवी, गाईच्या दाव्याच्या चौपट लांब. दादाने तिच्यात मूठ घालून पाहिली होती, कोपरापर्यंत हात गेला होता.

दुसऱ्या दिवशी दादाच्या निरोपावरून तालुक्याच्या ऑफिसातून इंजिनिअर आला. छत्री वाऱ्याने उलटी झालेली, बुटांना मणभर चिखल. ओढा चढायच्या आत त्याला आणखी दोन गावं बघायची होती. तो भेगेपाशी उभा राहिला आणि त्याच्याभोवती वस्तीतले दहा-बारा पुरुष. त्याने सांगितलं ते सोपं होतं. भेग चिकणमातीने ठासून भरा, वर ताडपत्री टाका. भेगेच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी ओढ्यात वळवा. आणि टेकाडाच्या पायथ्याची पाचही घरं आजच्या आज सोडून शाळेत जा.

मग त्याने खाली वाकून पाहिलं. वरून भिंतीची फक्त कड दिसत होती, तीही मध्यावर पुढे गेलेली.

"भिंत कुणी बांधली?"

"मी," गवंडी म्हणाला.

"पाणी जायला भोकं ठेवलीत?"

"अकरा."

"वाहतायत?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दादाच्या चेहऱ्यावर तर अभिमानच होता. आपला भाऊ साहेबाशी कसा नेमकं बोलतो.

"वाहतायत," गवंडी म्हणाला.

हा शब्द तोंडातून कसा गेला हे त्याला पुढे कितीदा आठवून पाहिलं तरी कळलं नाही. सरळ गेला, अडखळला नाही.

इंजिनिअरने मान हलवली. "भोकं वाहूनही भिंत फुगत असेल तर वरून पाणी भलतंच मुरतंय." त्याने आजूबाजूला नजर फिरवली आणि ती थोडं वरच्या सपाटीवर जाऊन थांबली. "ती टाकी कुणाची?"

टाकी रोपवाल्याची होती. हा माणूस सहा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन कुठूनतरी आला होता. सपाटीचा तुकडा खंडाने घेऊन पिशव्यांत रोपं वाढवायचा आणि बाजारात नेऊन विकायचा. वस्तीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, आणि 'अहो' तर गवंड्याशिवाय कुणीच म्हणत नसे. पावसाचं पाणी साठवायला त्याने विटांची टाकी बांधून घेतली होती.

"टाकी रिकामी करायला सांगा," इंजिनिअर म्हणाला आणि छत्री सरळ करत उतरला.

रोपवाल्याने हुज्जत घातली नाही. त्याने नळी जोडून टाकीचं पाणी ओढ्याकडे सोडलं. टाकी रिकामी व्हायला संध्याकाळ झाली. तोवर दादा, गवंडी आणि आणखी तिघे तिथेच उभे होते. पाऊस चालूच होता, आणि रिकाम्या टाकीत पुन्हा टपटप पाणी जमायला लागलं.

"झाकून घेतो," रोपवाला म्हणाला. "पत्रे आहेत माझ्याकडे."

"किती दिवस झाकशील?" दादा म्हणाला. "खाली आमची घरंदारं आहेत. फोडून टाकू, म्हणजे कटकट मिटली."

रोपवाला गवंड्याकडे वळला. "गवंडी, तुम्ही सांगा. तुम्हाला यातलं कळतं. या टाकीमुळे तुमची भिंत फुगली का?"

गवंड्याच्या हातात घण होता. तो त्याचाच होता. दादाने सांगितलं म्हणून घरून आणला होता. त्याने रोपवाल्याच्या गुडघ्यांकडे बघत उत्तर दिलं, "थोडंफार पाणी जातच असणार."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि त्याच्या हातातून घण घेतला.

रोपवाल्याने एवढंच मागितलं की टाकीला टेकून ठेवलेली रोपं आधी हलवू द्या. दोन-दोन पिशव्या छातीशी धरून तो आणि त्याची बायको चिखलातून पलीकडे नेऊन ठेवू लागली. साठ-सत्तर खेपा झाल्या असतील. पाच धडधाकट पुरुष छत्र्यांखाली उभे राहून बघत होते. गवंड्याला वाटत होतं की पुढे व्हावं, चार पिशव्या उचलाव्यात. पाय हलले नाहीत. मदत केली असती तर ती कशाबद्दल, हे फक्त त्याला ठाऊक होतं. शेवटची पिशवी हलल्यावर दादाने घण मारला. विटा चांगल्या भाजलेल्या होत्या. चार घावांनंतर कोपरा ढासळला.

पुढचे चार दिवस सगळी वस्ती टेकाडावर राबली. बायका ओढ्याकाठची चिकणमाती घमेल्यांनी वर आणत होत्या, पुरुष भेगेत ती पहारीने ठासत होते. वरच्या अंगाला चर खणायला कुदळी लागल्या. ओली माती कुदळीला चिकटून बसे, दर चार घावांनी ती पायाने ढकलावी लागे. तळहातांचे फोड फुटून पाण्याने पांढरे पडले. रोपवाला न बोलावता आला होता, आणि खणायला उभा राहिला तो नेमका गवंड्याच्या शेजारी. दोघांच्या कुदळी एका लयीत पडत होत्या. एकदा गवंड्याची कुदळ दांड्यातून निसटली, तर रोपवाल्याने आपली पुढे केली आणि स्वतः त्याच्या दांड्यात पाचर ठोकत बसला. गवंड्याला वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शाळेच्या दोन खोल्यांत पाच घरं दाटीवाटीने राहत होती. गवंड्याची बायको त्याला म्हणाली, "तुम्ही जेवत का नाही? घर पडलं तर पडलं, तुम्ही गवंडी आहात, दुसरं बांधाल." त्याने ताट पुढे सरकवलं आणि दातात काहीतरी अडकल्याचं निमित्त सांगून बाहेर गेला.

रोज सकाळी तो ओळंबा घेऊन भिंतीपाशी जाई. चार बोटांची पाच झाली. टाकी फोडून झाली, भेग भरून झाली, चरातून पाणी ओढ्याला लागलं, तरी सहा झाली. आधी आत मुरलेलं पाणी जाणार कुठे? ते भिंतीमागेच कोंडलेलं होतं, आणि कोंडणारा भिंतीपुढे सूत धरून उभा होता.

पाचव्या सकाळी गोठ्यात वहिनी होत्या. गाय व्यायला आली होती, शाळेचा चढ तिला चढवेना, म्हणून ती खालीच राहिली होती आणि वहिनी कुणाचं न ऐकता सकाळ-दुपार तिच्यापाशी येऊन बसत. त्या गाईच्या पाठीवर गोणपाट चोळत होत्या. तोंडाने तिच्याशी काहीबाही बोलत होत्या. त्यांच्या पाठीमागे चार हातांवर भिंत होती, आणि भिंतीच्या मधल्या सांध्यातून माल निघून एक दगड ओठासारखा पुढे आलेला होता. काल तो आलेला नव्हता.

गवंड्याने ओळंबा खाली टाकला.

"वहिनी, बाहेर या."

"अहो, ही आता कधीही—"

"गाय सोडा आणि बाहेर या. आत्ता."

तो वहिनींशी या आवाजात कधी बोलला नव्हता. त्या गाईला ओढत अंगणात नेईपर्यंत याने सरपणाची रास उपसून बाजूला फेकली होती. मग छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीच्या कडेच्या भोकापाशी अंग तिरकं ठेवून बसला. भोक शोधायला त्याला हात फिरवावा लागला, इतकं ते सफाईने घोटलेलं होतं. साऱ्या आयुष्यात एवढं पक्कं काम त्याच्या हातून दुसरं झालं नसेल. विसाव्या घावाला तुकडा उडाला, कुजका बोळा बाहेर आला आणि मागोमाग पाणी. मनगटाएवढी तांबडी धार त्याच्या खांद्यावर बसली आणि तो उताणा पडला. तसाच उठला, दुसऱ्या भोकाशी गेला. तिसऱ्याला छिन्नीचं टोक तुटलं. मग पहार घेतली. भिंत त्याच्या कानाशी कुरकुरत होती आणि तो देवाला नाही, उस्तादाला हाका मारत होता.

वहिनींनी आरडाओरड करून माणसं गोळा केली. दादा फावडं घेऊन आला आणि जे दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते काम, भिंतीच्या पायाशी चर, दुपारपर्यंत चौघांनी उरकलं. अकरा भोकं दिवसभर वाहत होती. संध्याकाळी सहा बोटांची साडेसहा होती, दुसऱ्या सकाळी साडेसहाच, तिसऱ्या सकाळीही. पावसाने उघडीप दिली. गाय त्याच दुपारी अंगणात व्यायली.

आणि मग गवंड्याचं कौतुक सुरू झालं. कोसळत्या भिंतीखाली जाऊन बसला, म्हणे. पाण्याची नस बरोबर धरली. एका म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला. दादा येईल त्याला सांगत होता, "आमच्या धाकट्याने भोकं पाडली म्हणून पाच घरं उभी आहेत." भोकं आधीपासूनच होती हे तो कौतुकाच्या भरात विसरूनही गेला. इंजिनिअर पुन्हा आला तेव्हा त्याने मात्र विचारलं.

"वाहतायत म्हणाला होतात ना?"

उत्तराची वाट न बघता इंजिनिअरनेच पुढे सांगून टाकलं, "गाळाने बुजली असणार. होतं असं. दरवर्षी साफ करत जा."

"हो," गवंडी म्हणाला.

थोड्या अंतरावर वहिनी वासराला पुसत होत्या. त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. भोकं फोडली त्या सकाळपासून त्या त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनाही सगळं आठवत होतं. त्याला आपली लाज वाटत होतीच, आता त्यांच्याकडे बघण्याचीही वाटायला लागली.

इंजिनिअर गेल्यावर गवंडी टेकाड चढून सपाटीवर गेला. रोपवाला उकिडवा बसून फाटलेल्या पिशव्यांतली रोपं नव्या पिशव्यांत घालत होता. फुटक्या टाकीच्या विटा त्याने एका बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," गवंडी म्हणाला. "भोकं गाळाने नव्हती बुजली."

"माहीत आहे."

"मी बुजवली होती."

"माहीत आहे म्हणतो ना." रोपवाल्याने रोपाभोवती माती दाबली. "इथून तुमचं सगळं परस दिसतं. तुम्ही माल भरत होतात तेव्हा मी इथेच बसलो होतो. मला वाटलं, गवंडी आहे, त्याला कळत असेल."

गवंडी चिखलातच खाली बसला. "मग टाकी फोडताना बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुम्हालाच विचारलं, सगळ्यांसमोर." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? म्हणाले असते, स्वतःची टाकी वाचवायला दुसऱ्यावर ढकलतोय. तुम्ही सांगितलं असतंत तर ऐकलं असतं."

"टाकी मी बांधून देतो. उद्यापासून लागतो."

"नको. मी दुसरा गवंडी बघतो."

गवंड्याला वाटलं होतं की तो शिव्या देईल, अंगावर येईल, नाहीतर उदार होऊन माफ तरी करेल. दुसरा गवंडी, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. रोपवाल्याने पुढची पिशवी उचलली.

"आणि मला सांगून काय उपयोग? मला माहीत होतंच. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

शाळेच्या ओसरीवर पाचही घरांची माणसं चहा घेत बसली होती. उघडीप टिकली तर परवा घरी जायचं ठरत होतं. गवंडी आला तसं कुणीतरी सरकून त्याला मधोमध जागा करून दिली. तो बसला नाही. खांबाला धरून उभा राहिला आणि बोलला. फार बोलायचं नव्हतंच. भोकं मी बुजवली होती. साहेबाशी मी खोटं बोललो. टाकीचा काही दोष नव्हता.

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला.

"कधी बुजवलीस?" दादाने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"कुणी सांगितलं होतं?"

वहिनी दाराच्या चौकटीत परात घेऊन उभ्या होत्या.

"कुणी नाही," गवंडी म्हणाला. "माझ्या मनाने."

दादाने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. उठून त्याने सदऱ्याची बटणं लावली, जणू कुठल्या ऑफिसात जायचं आहे, आणि पायऱ्या उतरला. गवंडी त्याच्या मागे निघाला.

"तू येऊ नकोस," दादा मागे न बघता म्हणाला. "टाकी मी फोडली. मी जातो."

ओसरीवरची माणसं एकेक करून उठली, कुणी बादली घेतली, कुणी पोराला हाक मारली. वहिनी परात ठेवून गवंड्यापाशी आल्या.

"भाऊजी, माझं नाव का नाही घेतलंत? मीच म्हटलं होतं, बुजवा."

"तुम्हाला माहीत नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

वहिनींनी पदराला हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि दादाच्या मागे त्याही टेकाड चढायला लागल्या.